जॉनी वॉकर : नांव, गांव आणि मिश्रण

विलायती मालाच्या जाहिरातींतून एक गृहस्थ गेलीं शंभराहून अधिक वर्षें सारखा चालत आला आहे. डोक्यावर उंच टोपी, अंगांत लाल कोट, पांढरी तंग विजार, गुडघ्यापर्यंत चढविलेले बूट आणि हातांत छडी, असा त्याचा थाट. हा गृहस्थ १८२० सालीं जन्मला असून अद्याप दमदारपणें चालत आहे, असें त्याच्या चित्राखालीं अनेक वर्षें छापलें जात असे. हें वाक्य जगांतील बहुतेक सर्व बंदरांत वाचलें गेलें. परंतु ज्या जॉन वॉकरचें हें नांव, तो १८२० सालीं जन्मलेला नव्हता. त्याचा जन्म २५ जुलै १८०५ चा. १८२० सालीं जन्मलें तें त्याचें किराणा मालाचें दुकान. आणि हें चित्र काढलें गेलें तेव्हां खऱ्या जॉन वॉकरला जाऊन अर्धें शतक लोटलें होतें.

माणसाच्या जागीं दुकान आणि दुकानाच्या जागीं चित्र, अशी ही अदलाबदल आहे. व्यापारांत असें होतच असतें, म्हणून तें सोडूनहि देतां आलें असतें. परंतु या नांवाच्या बाबतींत पुढें जें जें घडलें, त्या सर्वांचें बीज याच अदलाबदलींत आहे. म्हणून आरंभीं तिचा उल्लेख केला. विषय मद्याचा आहे आणि मद्यानें किती संसार धुळीस मिळविले, हें श्रोत्यांना सांगावयास नको. येथें कोणास घोटभर घेण्याचा आग्रह नाहीं. एका पदार्थाचें नांव कसें तयार होतें, तें कोणाच्या मालकीचें असतें आणि तें मोठें झाल्यावर त्याच्या जन्मगांवाचें काय होतें, एवढेंच पहावयाचें आहे.

स्कॉटलंडच्या नैर्ऋत्येस एअरशायर परगण्यांत किल्मार्नक हें गांव. गालिचे, टोप्या आणि जोडे यांच्या धंद्यावर तें त्या काळीं वाढत होतें. गांवाजवळच्या टॉड्रिग्ज नांवाच्या शेतावर वॉकरांचें कुटुंब राही. १८१९ सालीं वडील अलेक्झांडर वॉकर वारले. मुलगा चौदा वर्षांचा. त्याच्यानें शेती झेपणार नाहीं, हें जाणून विश्वस्तांनीं शेतावरील चीजवस्तु विकली आणि आलेले ४१७ पौंड गांवांतील एका दुकानांत गुंतविले. पोरक्या मुलाच्या नांवानें वडीलधाऱ्यांनीं घालून दिलेलें हें दुकान. अशीं दुकानें आपल्याकडेहि कांहीं कमी निघालीं नाहींत. त्यांतलें टिकतें तें मात्र एखादेंच.

त्या काळच्या स्कॉटलंडांत अशा दुकानास ‘इटालियन वखार’ म्हणत. इटलीशीं तिचा संबंध नांवापुरताच. चहा, साखर, मसाले, सुकामेवा, द्राक्षासव आणि गांवच्या आसपासची व्हिस्की, असा परदेशी व देशी माल तेथें मिळे. चहाचें मिश्रण करणें हें अशा वाण्याचें मुख्य कसब होतें. एकाच मळ्याचा चहा एका हंगामीं कडक येई, दुसऱ्या हंगामीं पाणचट निघे. गिऱ्हाइकाला तर दर महिन्यास तीच चव हवी. मग दोन-चार मळ्यांचा माल एकत्र करून चव सांभाळावयाची. घरोघरीं मसाला कुटणाऱ्या गृहिणीला हें शास्त्र नव्यानें शिकवावें लागत नाहीं. यंदाची मिरची सौम्य निघाली तर ती प्रमाण बदलते, परंतु आमटी मात्र मागच्या वर्षीचीच वाटली पाहिजे.

व्हिस्कीची स्थिति तर चहाहूनहि वाईट होती. निरनिराळ्या भट्ट्यांतून पिंपेंच्या पिंपें येत. एकाचा गुण दुसऱ्यास नसे. कांहीं भट्ट्या चोरट्या, कांहीं परवान्याच्या. १८२३ सालीं ब्रिटिश सरकारनें कर उतरवून परवाना सुलभ केला, तेव्हां चोरटा धंदा हळूहळू उघड्यावर येऊं लागला. जॉन वॉकरनें आपल्या दुकानांत जी व्हिस्की विकली ती ‘वॉकरची किल्मार्नक व्हिस्की’ या नांवानें ओळखली जाई. या नांवांत गांव होतें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. तरीहि त्याच्या हयातींत हें दुकान एका प्रामाणिक वाण्याचेंच राहिलें. १८५२ सालीं किल्मार्नकच्या नदीला पूर आला आणि दुकानांतला सांठा वाहून गेला. मोडलेलें दुकान त्यानें पुन्हा उभें केलें, आणि १८५७ सालीं तो वारला. स्वतःच्या नांवाचें पुढें काय होणार आहे याची त्याला कल्पनाहि नव्हती.

येथें व्हिस्कीच्या दोन जातींविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. कारण पुढची सर्व भांडणें याच दोन जातींचीं आहेत. पहिली माल्ट व्हिस्की. जव भिजवून त्यांना मोड आणावयाचे, मग भट्टीवर वाळवावयाचे. वाळविण्यास पुष्कळ ठिकाणीं पीट वापरतात. पीट म्हणजे दलदलींत शेंकडों वर्षें कुजून दाबलेल्या वनस्पतींचा जळाऊ थर. त्याचा धूर धान्यांत मुरतो आणि तोच वास शेवटपर्यंत दारूंत राहतो. पुढें धान्य भरडून ऊन पाण्यांत त्याची साखर उतरवितात, तें पाणी आंबवितात, आणि तांब्याच्या मोठ्या, हंसाच्या मानेसारख्या भांड्यांतून दोन वेळां ऊर्ध्वपातन करतात. ही पद्धति सावकाशीची. प्रत्येक भांड्याचा घाट निराळा म्हणून प्रत्येक भट्टीची चव निराळी.

दुसरी धान्याची व्हिस्की. गहूं किंवा मका घेऊन ती अखंड चालणाऱ्या उंच स्तंभांतून काढतात. हा स्तंभ आयर्लंडांतील एनियस कॉफी या गृहस्थाच्या नांवानें प्रसिद्ध आहे. त्यानें १८३० सालीं त्याचें पेटंट घेतलें. मौज अशी कीं, हा गृहस्थ पूर्वीं आबकारी खात्यांतला अधिकारी होता. चोरट्या भट्ट्या मोडतां मोडतां भट्टीच्या विद्येंत तो भट्टीवाल्यांच्याहि पुढें गेला. त्याच्या स्तंभांतून निघणारी दारू स्वस्त, हलकी आणि भरपूर. परंतु तिला स्वतःचा असा बाणा थोडा. माल्टमध्यें बाणा भरपूर, पण तो पुष्कळांना सोसत नसे. हायलंडच्या डोंगरांत चालणारा तो धुराचा आणि खारट वाऱ्याचा उग्रपणा लंडनच्या बैठकींत कसा चालावा? दोन्ही एकत्र केल्या तर एकीचा बाणा आणि दुसरीचा सौम्यपणा, असा मध्यम मार्ग निघे. एडिंबरोच्या अँड्रयू अशर यांनीं या मिश्रणाचा मार्ग प्रथम रुळविला. १८६० सालच्या कायद्यानें कर भरण्यापूर्वीं, सरकारी वखारींतच माल्ट आणि धान्य यांचें मिश्रण करण्यास मुभा दिली. आबकारीच्या एका कलमानें किल्मार्नकच्या वाण्याला जगाचें दार उघडून दिलें, असें म्हटलें तरी चालेल.

हें दार ओळखलें तें जॉनच्या मुलानें. त्याचेंहि नांव आजोबांप्रमाणें अलेक्झांडर. चहाच्या मिश्रणांत मुरलेला हा मनुष्य बापापेक्षां महत्त्वाकांक्षी होता. १८४३ पासून किल्मार्नकला आगगाडी आली होती आणि ग्लासगोचें बंदर जवळ होतें. अलेक्झांडरनें जहाजांच्या कप्तानांनाच आपले अडते केलें. माल जहाजावर चढे, कप्तान तो दूरच्या बंदरांत मिळेल त्या भावानें विकी आणि आपली दलाली कापून घेई. दुकानाच्या उंबरठ्याबाहेर न पडतां माल पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला. १८६७ मध्यें त्याचें मिश्रण ‘ओल्ड हायलंड व्हिस्की’ या नांवानें बाजारांत आलें. १८७७ सालीं त्याची व्यापारी निशाणी नोंदविण्यांत आली. ‘किल्मार्नक’च्या जागीं ‘हायलंड’ हा शब्द आला, हेंहि लक्षांत घ्यावें. किल्मार्नक कांहीं हायलंडांत नाहीं. परंतु लंडनच्या गिऱ्हाइकाला हायलंडच्या डोंगरांचें वेड होतें.

चौकोनी बाटली याच पिढींतली. गोल बाटल्या पेटींत ठेवल्या कीं मध्यें पोकळी राहते व जहाजाच्या हेलकाव्यांनीं त्या आपटून फुटतात. चौकोनी बाटल्या एकमेकींना चिकटून बसतात. तेवढ्याच पेटींत जास्त मावतात आणि कमी फुटतात. लेबल तिरपें लावलें, सुमारें चोवीस अंशांच्या कोनांत. तिरप्या ओळींत अक्षरें मोठीं बसतात आणि फळीवरच्या पन्नास बाटल्यांत ही एकच डोळ्यांत भरते. जाहिरातशास्त्रावर आज मोठाले ग्रंथ आहेत; त्यांतलें निम्मे शहाणपण या एका बाटलींत सांपडतें. १८८० सालीं लंडनमध्यें कचेरी निघाली, १८८६ सालीं पेढीची मर्यादित कंपनी झाली आणि १८८९ सालीं अलेक्झांडर वारला. धंदा मुलांकडे गेला. त्यांतले जॉर्ज आणि धाकटा अलेक्झांडर हे विशेष कर्तबगार निघाले.

या मिश्रणाचा कणा ज्या माल्टचा, ती कार्डूची भट्टी १८९३ सालीं कंपनीनें विकत घेतली. तिची कथा फार गोड आहे. स्पे नदीच्या खोऱ्यांतल्या या शेतावर जॉन कमिंग आणि त्याची बायको हेलन हीं चोरून दारू गाळीत. आबकारीचे अधिकारी त्या बाजूस आले कीं हेलनबाई त्यांना आदरानें घरांत बसवून चहापाणी करी, आणि मागच्या दारानें जाऊन गोठ्यावर तांबडें निशाण उभारी. तें पाहून खोऱ्यांतले इतर भट्टीवाले आपापला पसारा झांकून ठेवीत, असें सांगतात. १८२४ सालीं कमिंगांनीं रीतसर परवाना घेतला. पुढें सून एलिझाबेथ हिनें वैधव्यांत हा धंदा चालविला, नवी भट्टी बांधली आणि जुनीं तांब्याचीं भांडीं विल्यम ग्रँट यांना विकलीं. त्या भांड्यांवरच ग्रँट यांची ग्लेनफिडिक सुरू झाली. वॉकरांना भट्टी विकतांना एलिझाबेथबाईंनीं २०,५०० पौंड घेतलेच. शिवाय भट्टीचा कारभार कमिंग घराण्याकडेच रहावा आणि मुलास वॉकरांच्या संचालक मंडळांत जागा मिळावी, असाहि करार करून घेतला. वॉकर घराण्याच्या चरित्रांत या सासूसुनांना मिळावें तितकें स्थान मिळालेलें नाहीं. ज्या व्यवहारांत वॉकरांची बुद्धि दिसते म्हणून सांगतात, त्या व्यवहारांत समोरच्या बाईची बुद्धि तिळमात्र कमी नव्हती.

हा काळ व्हिस्कीच्या भरभराटीचा. फ्रान्समधल्या द्राक्षवेलींना फिलॉक्सेरा नांवाची कीड लागून मळेच्या मळे वाळून गेले होते. ब्रँडी दुर्मिळ झाली आणि इंग्रज सरदारांच्या पेल्यांत स्कॉच शिरली. भरभराटीबरोबर लबाडीहि आली. लीथच्या पॅटिसन बंधूंनीं जाहिरातीसाठीं पांचशें पोपट पाळून, आपल्या दारूचें नांव घोकावयास शिकवून ते दुकानदारांना वांटले, असें सांगतात. १८९८ सालीं ही पेढी कोसळली आणि तिच्याबरोबर कित्येक भट्ट्या व मिश्रणकार बुडाले. दोघे बंधू पुढें फसवणुकीबद्दल तुरुंगांत गेले. स्वस्त धान्याची दारू घेऊन तींत थोडी उंची माल्ट घालावयाची आणि उंची म्हणून खपवावयाची, हा त्यांच्या अपराधांतला एक भाग होता. पोपटांचें पुढें काय झालें, तें इतिहासांत नाहीं.

पॅटिसनांच्या प्रकरणानें लोकांच्या मनांत जी शंका उठली तिला लवकरच न्यायालयांत तोंड फुटलें. व्हिस्की म्हणजे काय? लंडनच्या इझ्लिंग्टन भागांतील नगरसभेनें १९०५ सालीं कांहीं दारू-दुकानदारांवर खटला भरला. आरोप असा कीं, व्हिस्की मागणाऱ्यास यांनीं स्तंभांतून काढलेली धान्याची दारू दिली. १९०६ सालीं मॅजिस्ट्रेटनें दुकानदारांविरुद्ध निकाल दिला. मिश्रण करणाऱ्या सर्व पेढ्यांच्या पायांखालची जमीनच हादरली. व्हिस्की म्हणजे फक्त तांब्याच्या भांड्यांतली माल्ट असें ठरलें असतें, तर वॉकरांची बाटली एका दिवसांत खोटी ठरली असती. धान्याची दारू काढणाऱ्या डिस्टिलर्स कंपनीनें तर आपली केंबसची शुद्ध धान्याची व्हिस्की वर्तमानपत्रांतून उघड विकावयास काढली, आणि गॅलनभर प्यालें तरी डोकें दुखणार नाहीं अशी तिची ख्याति गाइली. अखेर १९०८ सालीं बादशाही कमिशन नेमण्यांत आलें. १९०९ च्या अहवालांत कमिशननें धान्याच्या दारूला आणि मिश्रणाला व्हिस्की हें नांव घेण्याचा अधिकार दिला. माल्टवाल्यांना हा निकाल अन्याय वाटला, आणि त्यांच्या म्हणण्यांत कांहींच तथ्य नव्हतें असें म्हणवत नाहीं. परंतु हा निकाल उलट लागता, तर पुष्कळ माल्टच्या भट्ट्याहि बंद पडल्या असत्या. कारण त्यांचा बहुतेक माल विकत घेणारे मिश्रणकारच होते.

याच दोन वर्षांत वॉकरांनीं आपलें नांवहि बदललें. ‘ओल्ड हायलंड’चे तीन प्रकार होते आणि त्यांचीं नांवें लांबलचक, गिऱ्हाईक मात्र दुकानांत येऊन पांढरें लेबल, तांबडें लेबल, काळें लेबल एवढेंच म्हणे. १९०९ सालीं कंपनीनें गिऱ्हाइकाची हीच भाषा शिरोधार्य मानली. रेड लेबल आणि ब्लॅक लेबल हीं नांवें तेथून रूढ झालीं. व्हाइट लेबल पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बंद पडलें. त्यापूर्वीं वर्षभर, १९०८ सालीं, टॉम ब्राउन नांवाच्या विनोदी चित्रकारानें कंपनीच्या मंडळींबरोबर जेवतांना भोजनाच्या यादीच्या पाठीमागें झपाझप चालणारा तो गृहस्थ रेखाटला, आणि कंपनीचे जेम्स स्टीव्हन्सन यांनीं त्याखालीं १८२० सालच्या जन्माचें तें वाक्य लिहिलें, अशी कथा आहे. जॉन वॉकरचा ‘जॉनी’ झाला तो असा. बिचारा ब्राउन १९१० सालींच, चाळिशी गांठण्याच्या सुमारास, वारला. त्याचा माणूस अद्याप चालतोच आहे.

स्टीव्हन्सन हे गृहस्थ केवळ वाक्यें लिहिणारे नव्हते. पहिल्या महायुद्धांत ते दारूगोळा खात्यांत गेले. लॉइड जॉर्ज यांचा मद्यपानावर मोठा राग. कारखान्यांतले कामगार पिऊन कामावर येत नाहींत, म्हणून संपूर्ण दारूबंदी करावी असें त्यांच्या मनांत होतें. त्यावर तडजोड निघाली ती १९१५ च्या कायद्यानें : कोवळी दारू विकावयाची नाहीं, ती पिंपांत निदान दोन वर्षें ठेवलीच पाहिजे. ही मुदत पुढें तीन वर्षांवर गेली. या तडजोडीमागें स्टीव्हन्सन यांचा हात होता असें मानतात. ओकच्या लांकडाच्या पिंपांत तीन वर्षें, हा स्कॉचचा नियम आजहि आहे. आज ज्याला परंपरा म्हणून मिरवितात तो नियम लढाईच्या धामधुमींत, कामगारांच्या हजेरीपटावरून निघालेला आहे.

१९२५ सालीं जॉन वॉकर आणि मंडळी, ब्युकॅनन आणि ड्यूअर यांच्यासह डिस्टिलर्स कंपनींत विलीन झाली. वॉकर घराण्याची मालकी येथें संपली. तरी धाकटे अलेक्झांडर, आतां सर अलेक्झांडर, मिश्रणाच्या विद्येंत पुढेंहि रमले. बोटींतून प्रवास करणाऱ्यांसाठीं त्यांनीं १९३२ सालीं ‘स्विंग’ काढली. तिच्या बाटलीचा तळ बाहेरून फुगीर, म्हणजे बोट हललीं तरी बाटली डुलेल पण कलंडणार नाहीं. विन्स्टन चर्चिल यांनीं त्याच दशकांत काढलेल्या एका चित्रांत ब्लॅक लेबलची बाटली मांडलेली दिसते.

आतां या मिश्रणाच्या स्वभावाविषयीं. रेड लेबलमध्यें सुमारें पस्तीस आणि ब्लॅक लेबलमध्यें सुमारें चाळीस निरनिराळ्या व्हिस्की असतात, असें सांगण्यांत येतें. पश्चिमेकडच्या आइला बेटावरून धूर येतो, स्काय बेटावरच्या टॅलिस्करमधून मिऱ्याची तिखट झांक येते, कार्डूकडून जव आणि मध यांची गोडी येते, उत्तरेकडच्या क्लाइनलिशमधून मेणासारखा मऊपणा येतो, आणि या सर्वांना एकत्र बांधणारी हलकी, गोडसर बैठक धान्याची व्हिस्की पुरविते. शेरीच्या जुन्या पिंपांतून मनुक्यांचा स्वाद उतरतो, अमेरिकन पिंपांतून व्हॅनिलाचा. पिंपांतल्या मुक्कामांत दर वर्षीं शेंकडा दोनच्या आसपास दारू उडून जाते; तिला स्कॉच लोक देवदूतांचा वांटा म्हणतात. रेड लेबल ही तरुण, तडफदार, सोडा किंवा पाण्यांत मिसळण्यासाठीं केलेली. पूर्वीं तिच्यावर वय लिहिलेलें असे, आज नसतें. ब्लॅक लेबलवर बारा वर्षें लिहिलेलीं असतात. हा आंकडा सरासरीचा नव्हे. बाटलींतली सर्वांत कोवळी व्हिस्कीहि बारा वर्षांची असली पाहिजे, असा त्याचा कायदेशीर अर्थ आहे. १९९२ सालीं आलेल्या ब्लू लेबलवर वय लिहीत नाहींत. किंमतच पुरेशी बोलते. जाणकारांचें मत विचाराल तर खरें कसब काळ्या लेबलांत आहे. दुर्मिळ पिंपें निवडून महाग वस्तु करणें कोणालाहि जमेल. लाखों पेट्यांत तोच धूर, तीच गोडी दर वर्षीं आणणें ही निराळी गोष्ट आहे.

मिश्रणकार हें काम जिभेनें करीत नाहीं, नाकानें करतो. नमुन्यांत पाणी घालून, मद्यार्काचा तिखटपणा कमी करून तो हुंगतो. बारा वर्षांनीं बाटलींत जाणारी दारू त्याला आज पिंपांत भरावी लागते. म्हणजे त्याच्या हिशेबाचें फळ पुष्कळदां त्याच्या वारसाच्या हातीं पडतें. मध्यंतरीं एखादी भट्टी बंद पडली तर? ग्लासगोमधली पोर्ट डंडासची धान्याची भट्टी २०१० सालीं बंद झाली. अशा वेळीं प्रमाणें बदलून, दुसऱ्या भट्टीचा माल घेऊन तीच चव साधावी लागते. गंगेंतलें पाणी क्षणोक्षणीं नवें असूनहि गंगा तीच, तसाच हा प्रकार. २०२२ पासून या कामाची मुख्य सूत्रें एमा वॉकर या विदुषींकडे आलीं. या पदावर आलेली ही पहिली स्त्री. आडनांव वॉकर असलें तरी घराण्याशीं नातें नाहीं.

नांवापुढें मालकी किती वेळां बदलली! १९७७ सालीं युरोपच्या बाजार-मंडळानें, देशांत एक भाव आणि निर्यात करणाऱ्यास दुसरा भाव ही डिस्टिलर्स कंपनीची रीत बेकायदा ठरविली. कंपनीनें त्यावर रेड लेबल ही खुद्द ब्रिटनच्या बाजारांतूनच काढून घेतली! जगभर मिळणारी बाटली कित्येक वर्षें स्वतःच्या मुलखांत मिळेना. १९८६ सालीं गिनेसनें डिस्टिलर्स कंपनी घेतली; त्या व्यवहारांत समभागांचे भाव कृत्रिम रीतीनें चढविल्याचें उघड होऊन गिनेसच्या मुख्य अधिकाऱ्यासह चौघे १९९० सालीं दोषी ठरले. १९९७ सालीं गिनेस आणि ग्रँड मेट्रोपॉलिटन एक होऊन डियाजिओ कंपनी निघाली, आणि वॉकरचें नांव तिच्या मालकीचें झालें.

भारताशीं या नांवाचा संबंध साहेबांच्या जिमखान्यांपासून आहे. मुंबई इलाख्यांत १९४९ चा दारूबंदी कायदा झाला, पुढें महाराष्ट्रांत परवान्यांची पद्धति आली, गुजराथेंत बंदी राहिली. तरी या चौकोनी बाटलीची ओढ ओसरली नाहीं. २०२२ सालीं भारतानें एकूण २१ कोटी ९० लाख बाटल्या स्कॉच घेतली, आणि संख्येच्या मानानें फ्रान्सला मागें टाकलें. आयात माल दीडशें टक्के जकातीखालीं येई. ती टप्प्याटप्प्यानें उतरविण्याचा करार भारत व ब्रिटन यांनीं जुलै २०२५ मध्यें केला. परंतु याहून मनोरंजक गोष्ट आहे ती इझ्लिंग्टनच्या खटल्याची पुनरावृत्ति. भारतांत व्हिस्की म्हणून जें खपतें त्यांतील फार मोठ्या भागाचा मद्यार्क धान्याचा नसून साखर कारखान्यांच्या मळीचा असतो, आणि महाराष्ट्राचा ऊस त्यांत मोठा वांटेकरी आहे. युरोपांत अशा दारूला व्हिस्की म्हणून विकतां येत नाहीं. तेथें व्हिस्की धान्याचीच असली पाहिजे. ज्या मिश्रणकारांना १९०६ सालीं व्हिस्की हें नांव नाकारलें जात होतें, त्यांचेच वारस आज दुसऱ्यांना तें नांव नाकारतात.

उरलें किल्मार्नक. तेथें हिल स्ट्रीटवर कंपनीचा बाटल्या भरण्याचा मोठा कारखाना होता. गालिचे गेले, जोडे गेले, यंत्रांचे कारखाने गेले. वॉकर राहिला होता. एकेका घरांतल्या तीन-तीन पिढ्यांनीं त्याच पट्ट्यांवर बाटल्या भरल्या होत्या. जुलै २००९ मध्यें डियाजिओनें जाहीर केलें कीं, हा कारखाना बंद करून काम फाइफमधील लेव्हन आणि ग्लासगो येथें न्यावयाचें. सुमारें सातशें माणसांच्या पोटाचा प्रश्न होता. कंपनी तोट्यांत नव्हती, आणि मालाला मागणीहि कमी नव्हती. दोन-तीन ठिकाणीं पसरलेलें काम एकत्र केलें तर खर्च वांचतो, एवढाच हिशेब होता. २६ जुलै रोजीं किल्मार्नकच्या रस्त्यांतून सुमारें वीस हजार लोकांची मिरवणूक निघाली. गांवची वस्ती अवघी पंचेचाळीस हजारांच्या आसपास. म्हणजे घरटीं एक तरी माणूस रस्त्यावर आला असावा. निरनिराळ्या पक्षांचे पुढारी त्यांत चालले. नांव आमच्या गांवाचें आहे, तें येथून नेतां येणार नाहीं, असें लोकांना वाटत होतें. कायद्यानें तें नांव गांवाचें नव्हतेंच. लेबलावरून ‘किल्मार्नक’ जाऊन ‘हायलंड’ आलें त्या दिवशींच त्याची सुरुवात झाली होती. कंपनीचा निर्णय बदलला नाहीं. मार्च २०१२ मध्यें शेवटची बाटली भरून पट्टे थांबले.

कारखाना पाडून मोकळ्या झालेल्या जागेवर २०१६ सालीं एअरशायर कॉलेजची नवी इमारत उघडली. त्या भागांतील मुलें तेथें आतां सुतारकाम, यंत्रविद्या आणि शुश्रूषा शिकतात. सप्टेंबर २०२१ मध्यें एडिंबरोच्या प्रिन्सेस स्ट्रीटवर, एका जुन्या मोठ्या दुकानाच्या इमारतींत, जॉनी वॉकरच्या नांवाचें आठ मजली प्रेक्षणस्थान सुरू झालें. १८२० चें दुकान आणि तेथून निघालेला माणूस यांची कथा तेथें प्रवाशांना दिव्यांच्या खेळांतून दाखवितात. किल्मार्नकहून तेथें जावयाचें तर ग्लासगोला गाडी बदलावी लागते.